जमेची बाजू

राजारामपुरीत पत्ता सांगायला फार शब्द लागत नाहीत. कितवी गल्ली एवढे सांगितले की रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो. जुन्या कोल्हापुरातल्या पेठा सोयीसोयीने वाढल्या, वळत गेल्या. राजारामपुरी मात्र संस्थानी काळात आखून वसवली गेली. मधून मुख्य रस्ता आणि त्याला ओळीने जोडलेल्या क्रमांकाच्या गल्ल्या. अशी आखणी करायची तर घरे उभी राहण्याआधी रस्त्याची जागा सोडावी लागते आणि रहिवासी घरफाळा भरू लागण्याआधी गटारावर, पाण्यावर खर्च करावा लागतो. हा पैसा कुणाच्या खिशातून यायचा? कोल्हापूरने या प्रश्नाला वेळोवेळी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत.

पहिले उत्तर संस्थानच्या खजिन्याचे. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली, ती संस्थानच्या पैशातून. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. पण मोफत म्हणजे फी नाही, एवढेच. शिक्षकाचा पगार आणि शाळेचे छप्पर यांचा खर्च होतच होता. तो खजिन्याने उचलला. आणि खजिना भरत होता मुख्यतः शेतकऱ्याच्या शेतसाऱ्यातून.

खजिन्याची मर्यादा राधानगरीला दिसली. भोगावतीवरच्या या धरणाचे काम शाहू महाराजांनी हाती घेतले. १९१८ च्या सुमारास भिंत काही उंचीवर आली आणि पैशाअभावी काम थांबले. पुढे राजाराम महाराजांच्या काळात ते पुन्हा हाती घेतले गेले. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि धरण पूर्ण झाले ते त्यानंतर, १९५० च्या दशकात. ज्यांनी सारा भरला त्यांच्यातले कितीतरी जण पाणी बघायला राहिले नाहीत. आज सव्वाआठ टीएमसीहून अधिक पाणी साठवणारे हे धरण उभे आहे, ते असे दोन राजवटींच्या जमाखर्चातून.

दुसरे उत्तर शहराच्या स्वतःच्या उत्पन्नाचे. कोल्हापूरची नगरपालिका १८५४ ची. १९७२ मध्ये तिची महापालिका झाली. घरफाळा, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे, बांधकाम परवान्याचे शुल्क आणि या सगळ्यांत वजनदार अशी जकात, यांवर कारभार चाले. नाक्यावर रोज रोख पैसा जमा होई. व्यापारी वैतागत, ट्रक खोळंबत. पण शहराचा पैसा शहराच्या हातात असे. पुढे जकात जाऊन एलबीटी आला. १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांसाठी तोही रद्द झाला आणि १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला. जकातीच्या जागी आता मुंबईहून येणारे अनुदान आले. व्यापाऱ्यांची कटकट गेली हे खरेच. पण महापालिकेला आता हप्त्याची वाट पाहावी लागते. पगार आणि पेन्शन भागवून उरेल त्यातून गल्लीतला रस्ता, हे गणित अधिक अवघड झाले.

रस्त्यांसाठी पैसा नाही, मग खासगी कंपनीने ते बांधावेत आणि तीस वर्षे टोल घेऊन खर्च वसूल करावा, हे तिसरे उत्तर. २००८ मध्ये तसा करार झाला. शहरातल्या सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांचे काम त्यात होते. महापालिकेच्या खर्चाच्या रकान्यात मोठा आकडा दिसत नव्हता, म्हणून योजना स्वस्त वाटली. खर्चाचा आकडा लपला होता तो रोज नाक्यावरून जाणाऱ्या माणसाच्या खिशात. ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली, तोवर शहर पेटून उठलेले होते. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसे पुढे होती. आंदोलनात सगळ्या पक्षांचे, सगळ्या पेठांचे लोक उतरले. जानेवारी २०१४ मध्ये नाक्यांची जाळपोळही झाली. अखेर डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द झाल्याची घोषणा झाली.

लढा जिंकला, आणि तो जिंकायलाच हवा होता. आपल्याच गावात शिरताना तीस वर्षे पैसे मोजायचे, हे अंदाजपत्रकाचे धोरण होऊ शकत नाही. तरी एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. रस्ते फुकट झाले नाहीत. कंपनीला द्यायचे सुमारे साडेचारशे कोटी रुपये राज्य सरकारने उचलले. म्हणजे कोल्हापूरच्या रस्त्याचे बिल गडचिरोलीत काडेपेटी घेणाऱ्यानेही थोडेथोडे भरले. टोल हटला, बिलावरचे नाव तेवढे बदलले.

काळम्मावाडीहून थेट पाइपलाइनने आलेल्या पाण्याचेही तसेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते पाणी शहरात पोहोचले, तेव्हा लोकांनी आनंद साजरा केला. ती योजना केंद्र आणि राज्य यांच्या अनुदानाशिवाय उभी राहिली नसती. पण अनुदान योजना बांधून देते; पंपाचे वीजबिल आणि गळतीची दुरुस्ती ही दर महिन्याची जबाबदारी महापालिकेची. पाणीपट्टीतून ती भागली नाही, तर दुसऱ्या कुठल्या तरी कामाला कात्री लागते.

दरवर्षी अंदाजपत्रक मांडले गेले की आपण वर्तमानपत्रात आधी खर्चाचे आकडे शोधतो. आमच्या भागाला काय मिळाले? हा प्रश्न रास्तच आहे. पण त्याच्या शेजारी दुसरी बाजू छापलेली असते, जमेची. त्यातला किती पैसा हक्काचा, किती आशेवरचा आणि किती पुढच्या पिढीच्या नावावर उचललेला, हे तिथे कळते. नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि नंतरची काही वर्षे प्रशासकांनीच अंदाजपत्रक मांडले आणि त्यांनीच मंजूर केले. विचारणारा नगरसेवक तेव्हा नव्हता. असला तरी त्याला विचारायला लावणारा नागरिक लागतोच. टोलच्या वेळी कोल्हापूरकरांनी जमेची बाजू वाचली, पण ती नाका उभा राहिल्यावर. करारावर सही होण्याआधी ती वाचली असती, तर शहराची ती वर्षे आणि राज्याचा तो पैसा, दोन्ही वाचले असते.