गर्भजलपरीक्षा, डॉक्टर आणि १९८८ चा कायदा

२०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्यात शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ९५० मुली नोंदल्या गेल्या. त्याच जनगणनेत महाराष्ट्राचा आकडा होता ८९४ आणि बीड जिल्ह्याचा ८०७. हे तीन आकडे फळ्यावर लिहिले, तर भंडाऱ्यातही ५० मुली कमीच आहेत असे बरेच विद्यार्थी म्हणतील. ते बरोबर नाही. माणसात जन्माच्या वेळी १०० मुलींमागे साधारणपणे १०५ मुलगे असतात. म्हणजे हजार मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली ही निसर्गाचीच पातळी आहे. पुढे बालमृत्यूंमुळे तिच्यात थोडा फरक पडतो, पण ८०७ इतकी घसरण निसर्ग घडवून आणत नाही. ती घडवली मुलाच्या हव्यासाने, आणि त्या हव्यासाच्या हाती आलेल्या एका वैद्यकीय तंत्राने.

या तंत्राला आवर घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. तो होण्यात डॉक्टरांचा वाटा मोठा होता. त्याला विरोध करणाऱ्यांतही डॉक्टरच पुढे होते.

परीक्षा मुळात कशासाठी?

गर्भाभोवतीच्या पिशवीत जे पाणी असते त्यात गर्भाच्या त्वचेतून व इतर भागांतून सुटलेल्या पेशी तरंगत असतात. साधारण सोळाव्या आठवड्यात पोटातून सुई घालून थोडे गर्भजल काढतात, त्यातील पेशी वाढवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे तपासतात. डाऊन सिंड्रोमसारखे दोष यातून कळतात. हिमोफिलियासारखे काही आनुवंशिक आजार मुख्यतः मुलग्यांना होतात. अशा कुटुंबात गर्भाचे लिंग कळणे वैद्यकीय दृष्ट्या उपयोगाचे असते. १९५० च्या दशकात या पेशींवरून लिंग ओळखता आले ते याच संदर्भात.

भारतात १९७० च्या दशकाच्या मध्यास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत या परीक्षेवर काम सुरू झाले. तपासणीसाठी येणाऱ्यांना दोषापेक्षा लिंग जाणून घेण्यातच रस असल्याचे लवकरच दिसू लागले. गर्भपाताचा कायदा १९७१ मध्ये झालेला होता आणि त्यात वीस आठवड्यांपर्यंत मुभा होती. सोळाव्या आठवड्यात परीक्षा आणि विसाव्याच्या आत गर्भपात, असे गणित जुळले. सरकारने आपल्या संस्थांत लिंगनिदानाला बंदी घातली, पण खासगी दवाखान्यांना ती लागू नव्हती. १९८० च्या सुमारास अमृतसर आणि मुंबई येथे हा उघड धंदा झाला. मुंबईच्या लोकलगाड्यांत त्याच्या जाहिराती लागत.

पन्नास डॉक्टरांची पाहणी

१९८५ च्या सुमारास मुंबईत लिंगनिदान व लिंगनिवडविरोधी मंच उभा राहिला. त्यात स्त्री-संघटना होत्या, लोकविज्ञान चळवळीतील मंडळी होती आणि आरोग्यक्षेत्रात काम करणारे डॉक्टर होते. रवींद्र रु. पं. यांनी १९८६ मध्ये ‘द स्कार्सर हाफ’ या अहवालात या तंत्रांची सविस्तर मांडणी केली. विधिमंडळात मृणाल गोरे यांच्यासारख्या आमदारांनी प्रश्न लावून धरला.

सरकारपुढे अडचण पुराव्याची होती. जनगणना दहा वर्षांनी होते. १९८१ चे आकडे जुने झाले होते आणि १९९१ चे यायचे होते. मग आज काय चालले आहे ते कळणार कसे? राज्याच्या आरोग्य खात्याने हे काम डॉ. संजीव कुलकर्णी यांच्याकडे सोपवले. ते स्वतः डॉक्टर होते आणि डॉ. नो. ह. अंतिया यांनी स्थापलेल्या फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ या संस्थेशी संबंधित होते. त्यांनी मुंबईतील ५० स्त्रीरोगतज्ज्ञांना थेट विचारले. ५० पैकी ४२ जणांनी, म्हणजे ८४ टक्क्यांनी, आपण लिंगनिदानासाठी गर्भजलपरीक्षा करतो असे सांगितले.

पन्नास हा नमुना लहान आहे. त्यावरून साऱ्या राज्याचा आकडा काढता येणार नाही. पण सरकारपुढचा प्रश्न वेगळा होता. हा काही थोड्यांचा गैरप्रकार आहे की व्यवसायाचा नेहमीचा भाग झाला आहे, एवढेच ठरवायचे होते. त्यासाठी ५० पैकी ४२ पुरेसे होते. शिवाय ही माहिती विरोधकांनी गोळा केलेली नव्हती, ती डॉक्टरांच्याच तोंडून आलेली होती.

दोन्ही बाजूंचे डॉक्टर

परीक्षेच्या बाजूने तीन युक्तिवाद केले जात. पहिला लोकसंख्येचा. मुलगा होईपर्यंत लोक मुले होऊ देतात, तेव्हा लिंगनिदानाने कुटुंब लहान राहील, असे म्हटले जाई. दुसरा, बंदी घातली तर हाच धंदा चोरून आणि धोकादायक रीतीने चालेल. तिसरा बाजारातल्या भावासारखा: स्त्रिया कमी झाल्या की त्यांची किंमत वाढेल. या तिसऱ्या मुद्द्यावर ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त १९८३ मध्ये वाद झाला. धर्मा कुमार यांनी तो मांडला. लीला दुबे यांनी उत्तर दिले की स्त्रियांची टंचाई असलेल्या प्रदेशांत त्यांना मान मिळत नाही, उलट पळवापळवी आणि खरेदी-विक्री वाढते.

विरोधी डॉक्टरांचा मुद्दा सरळ होता. मुलगी असणे हा आजार नाही, तेव्हा तिचे ‘निदान’ करून ‘उपाय’ करणे वैद्यकात बसत नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यातील गर्भपाताचा धोका तर त्या स्त्रीलाच सोसावा लागतो.

कायदा आणि त्यातील फटी

राज्यघटनेनुसार सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हे विषय राज्यसूचीत येतात. त्यामुळे दिल्लीची वाट न पाहता महाराष्ट्राला पाऊल टाकता आले. १० मे १९८८ पासून प्रसवपूर्व निदान तंत्रांच्या वापराचे नियमन करणारा कायदा राज्यात लागू झाला. लिंगनिदानाला बंदी आली आणि आनुवंशिक दोषांसाठीची तपासणी नोंदणीकृत केंद्रांपुरती मर्यादित झाली.

मंच मात्र समाधानी नव्हता. ही परीक्षा फक्त सरकारी संस्थांतच व्हावी अशी त्याची मागणी होती. कायद्याने खासगी केंद्रांनाही वाव ठेवला. नागरिकाला थेट न्यायालयात जाता येत नव्हते, आधी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे जावे लागे. आणि दडपणाखाली परीक्षा करून घेणाऱ्या स्त्रीलाही शिक्षेच्या कक्षेत ठेवले होते. कायद्याची जाहिरात झाली, अंमलबजावणी फारशी झाली नाही. शेजारच्या राज्यात जाऊन परीक्षा करून घेणेही शक्य होते.

म्हणून देशभराच्या कायद्याची मागणी पुढे आली. संसदेने तो १९९४ मध्ये केला आणि १ जानेवारी १९९६ पासून तो अमलात आला. तोवर सोनोग्राफी यंत्रे सर्वत्र पसरली होती. सुईची गरजच उरली नाही. २००० मध्ये सेहत व मासूम या महाराष्ट्रातील संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यानंतर झालेली दुरुस्ती फेब्रुवारी २००३ मध्ये लागू झाली आणि गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही कायद्याच्या कक्षेत आली.

आता वादाचे केंद्र आहे नोंद. प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीसाठी ‘फॉर्म एफ’ भरावा लागतो. कागदातील किरकोळ चुकीसाठी डॉक्टरांना गुन्हेगार ठरवले जाते, अशी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय महासंघाची तक्रार होती. ती २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. बंद खोलीत दोघांत बोललेल्या शब्दाचा पुरावा मागे राहत नाही. नोंद हाच काय तो माग, म्हणून तिला इतके महत्त्व.

भंडाऱ्याचे आकडे कसे वाचावेत?

भंडाऱ्याचा आकडा २००१ मध्ये ९५६ होता, २०११ मध्ये ९५०. ही घसरण मानावी का? जिल्ह्यात या वयाची मुले लाखाहून थोडी अधिक. एवढ्या संख्येत दहा-बाराचा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. राज्याचा आकडा मात्र ९१३ वरून ८९४ वर आला आणि तिथे मुलांची संख्या कोटीच्या वर आहे. तो योगायोग असू शकत नाही. याच कारणाने शाळेच्या किंवा गावाच्या हजेरीपटावरून घाईने निष्कर्ष काढू नये. १०० मुलांच्या गावात मुली ३९ असोत की ५९, दोन्ही निव्वळ योगायोगाने घडू शकते. वर्गात नाणे शंभर वेळा उडवून, तसे दहा-वीस गट करून, विद्यार्थ्यांना हे पडताळता येईल.

पूर्व विदर्भात हे प्रमाण चांगले का, याची उत्तरे अनेक आहेत. भातशेतीत रोवणीला स्त्रियांचे श्रम लागतात आणि त्यामुळे त्यांचे जगणे मोलाचे ठरते, अशी मांडणी अर्थतज्ज्ञ प्रणब बर्धन यांनी १९७४ मध्ये भारताच्या भातपट्ट्याबद्दल केली होती. ती इथे कितपत लागू पडते हा अभ्यासाचा विषय आहे. पण १९८१ मध्ये महाराष्ट्राचा आकडाही ९५६ होता. तीस वर्षांत तो ८९४ झाला. भंडाऱ्याने आपल्या ९५० कडे पाहताना राज्याचा हा प्रवास आठवावा.

भंडारा, तुमसर वा साकोलीच्या कोणत्याही सोनोग्राफी केंद्रात ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ अशी पाटी लावणे कायद्याने बंधनकारक आहे. विद्यार्थ्यांनी ती पाहिलेली असते. ती तिथे का आली हे त्यांनी विचारले, तर सांगायची गोष्ट पन्नास डॉक्टरांना विचारलेल्या एका प्रश्नापासून सुरू करता येईल.