धोट्यातील धागा

मुंबईच्या कापडगिरण्यांत कामगारांना जातीवरून वेगळे पाडणारा नियम मालकांनी कोठे लिहून ठेवलेला नव्हता. भरती जॉबरच्या हाती असे, आणि मालकास हवी असत ती राबणारी माणसे. १९२१ च्या जनगणनेत गिरणीकामगारांपैकी शेकडा सुमारे १२ जण त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचे होते. इतकी माणसे इतरांसह एका छपराखाली खपताना पाहून, यंत्रयुगाने शिवाशीव गिळून टाकली, असे एखाद्या परक्या प्रवाशास वाटले असते तर नवल नव्हते. परंतु हाच प्रवासी कताईच्या खात्यातून निघून विणाईच्या खात्यात शिरता, तर तेथे ही माणसे त्यास जवळजवळ दिसलीच नसती. गिरणीच्या बोलीत ते साचाखाते. आणि साचेवाल्याची मजुरी कताईच्या कामगारापेक्षा चांगली असे.

या बंदीचे कारण धोट्याच्या एका लहानशा छिद्रात दडलेले होते. मागावर धोटा इकडून तिकडे धावतो, तेव्हा त्याच्या पोटात बाण्याच्या सुताची कांडी असते. ती संपली की साचेवाला नवी कांडी बसवितो आणि तिच्या सुताचे टोक धोट्याच्या कडेच्या छिद्रातून बाहेर काढतो. त्या वेळच्या धोट्यात याची झटपट रीत एकच : छिद्रास ओठ लावावयाचे आणि श्वासासरशी धागा ओढून घ्यावयाचा. हे दिवसातून कितीदा तरी करावे लागे. साचेवाला गैरहजर राहिला की त्याच्या मागावर बदली कामगार उभा राही, आणि तोच धोटा दुसऱ्याच्या ओठी जाई. येथे सवर्ण कामगाराचा विटाळ आडवा आला. दलिताने तोंड लावलेला धोटा आपल्या तोंडास लागेल, म्हणून दलिताने या खात्यात येऊच नये, असा त्याचा हट्ट होता.

हा विटाळ मोठा सोयीचा होता, असे म्हणणे भाग आहे. साचाखात्यात मराठे आणि मुसलमान शेजारी शेजारी काम करीत, आणि त्यावाचून खाते चालणारही नव्हते. मग धर्म बुडण्याची भीती एवढ्या एकाच ठिकाणी का? चांगल्या मजुरीच्या जागा आपल्या जातगोतासाठी राखण्याची इच्छा सोवळ्याच्या आड सहज लपून जात होती. खुद्द धोट्याविषयी म्हणावयाचे, तर तोंडाने धागा ओढणे आरोग्यास घातक म्हणून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने त्या रीतीस १९११ सालीच कायद्याने बंदी घातली होती. हाताने ओवता येईल असा धोटा ही काही स्वर्गातील वस्तू नव्हती.

१९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्यांत प्रचंड संप झाला. सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले होते. मालकांसमोर ठेवावयाच्या मागण्यांची यादी पुढाऱ्यांनी केली, तीत साचाखात्याच्या बंद दाराचा उल्लेख नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती उणीव नेमकी पकडली. दलितांना सर्व खात्यांत कामाचा हक्क असल्याचे मान्य होत नसेल, तर आपण त्यांना संपापासून दूर राहावयास सांगू, असे त्यांनी बजावले. मागणी यादीत आली, पण नाखुशीने. मालकपक्षाचे उत्तर मात्र मर्मी लागणारे होते : हा अन्याय असेलही, परंतु त्याचे धनी आम्ही नव्हे! या एका बाबतीत मालकांचे म्हणणे खोटे पाडणे कठीण होते. कामगारांच्या एकजुटीची भाषा बोलणाऱ्यांना कामगारांतीलच भिंत दिसू नये, हा त्या संपातील दुःखद भाग.

आंबेडकरांना ही भिंत पुस्तकांतून कळलेली नव्हती. १९१७ साली ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत झालेले उच्च शिक्षण त्यांच्या पाठीशी होते. तरीही कचेरीतील शिपाई त्यांच्या टेबलावर कागद दुरून टाकीत, आणि शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. १९१८ च्या नोव्हेंबरात ते मुंबईस सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. तेथे काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली ती प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातील पाणी त्यांनी पिण्यास. राजाच्या हुकुमाने खुर्ची मिळाली, विद्येने व्यासपीठ मिळाले; पाण्याचा माठ दोहोंस बधला नाही. गिरणीतला धोटा हा त्या माठाचाच भाऊ.

१९३८ च्या फेब्रुवारीत मनमाड येथे रेल्वेतील दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी हे गाऱ्हाणे पुन्हा मांडले, आणि त्याच्या जोडीस रेल्वेतील एक उदाहरण दिले. दलित मनुष्य रुळांवर गँगमन म्हणून जन्म काढी, पण त्यास पोर्टर नेमीत नसत. का, तर स्टेशनमास्तर पोर्टराकडून घरचीही कामे करवून घेई, आणि त्याच्या घरात दलिताचा शिरकाव कसा व्हावा! सरकारी पगारावर खासगी गडी, आणि त्या गड्याच्या जातीवरून सरकारी नोकरीची पात्रता : असा हा उफराटा हिशेब होता. मात्र त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक तंट्यांच्या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, तेव्हा आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट पुढारी एकत्र उभे होते. दहा वर्षांपूर्वीची कटुता त्या दिवसापुरती तरी बाजूस राहिली.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १६ व्या कलमाने सरकारी नोकरीत समान संधी दिली. खासगी गिरणी त्या १६ व्या कलमाच्या कक्षेबाहेरची. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने व्यवसाय, धंदा किंवा व्यापार करण्यास आडकाठी आणणे हा अपराध ठरविला. दुसऱ्याच्या पदरी मजुरी करणाऱ्याचा तेथे स्पष्ट शब्दांत उल्लेख नव्हता. १९७६ साली या कायद्यास नागरी हक्क संरक्षण कायदा हे नवे नाव मिळाले, तेव्हा त्या कलमात कोणत्याही कामावरील नोकरी हे शब्द घालण्यात आले. त्यानंतर सहा वर्षांनी, १९८२ च्या जानेवारीत, गिरण्यांचा शेवटचा मोठा संप सुरू झाला, आणि पुढे साचाखाती एकामागून एक बंद पडत गेली.