छत्तीस तासांची सूट

मिरवणूक खरी आहे: 2025च्या अनंत चतुर्दशीची, लालबागच्या राजाची. तिचं थेट प्रक्षेपण करणारा मुंबईतला सर्व्हर मात्र मी हिशेबासाठी कल्पिला आहे. पोर्ट 1 जीबीपीएसचा, करार किमान 100 एमबीपीएसचा, दर एमबीपीएसमागे महिना 100 रुपये.

1 सप्टेंबर, मध्यरात्र. मोजणी सुरू. दर पाच मिनिटांनी स्विचवरचा काउंटर वाचला जातो. मधल्या वेळात गेलेले बाइट गुणिले 8, भागिले 300 सेकंद, की झाला एक नमुना. 30 दिवसांचे नमुने 8,640. महिनाअखेरीला ते उतरत्या क्रमाने लावायचे, वरचे पाच टक्के, म्हणजे 432, सोडून द्यायचे आणि 433व्या आकड्यावर बिल काढायचं. हीच 95 पर्सेंटाइलची पद्धत. सोडलेले 432 नमुने म्हणजे बरोबर 36 तास. एरवी हा सर्व्हर 50 एमबीपीएसवर चालतो.

2 सप्टेंबर, संध्याकाळी 7 ते 10. गौरी विसर्जनाची गर्दी, वेग 800. तीन तास खर्ची पडले, 33 उरले.

6 सप्टेंबर, शनिवार, सकाळी 10. प्रक्षेपण सुरू. वेग पुन्हा 800.

रात्री 10. उरले 21 तास. विसर्जन दरवर्षीसारखं सकाळी झालं, तर भरपूर.

7 सप्टेंबर, रविवार, सकाळी 8च्या सुमारास. राजा गिरगाव चौपाटीवर. उरले 11 तास. पण समुद्राला भरती आहे, मूर्ती तराफ्यावर चढवता येत नाही. प्रेक्षक हलत नाहीत, आणि का हलावेत?

दुपारी 4. तीन तास. अजून सगळं हातात आहे. चित्राचा दर्जा उतरवून सातच्या आत वेग 400वर आणला, तर 433वा आकडा 400 येईल आणि बिल निम्म्यावर थांबेल. पण हे कळणार कसं? पॅनेलवर आलेख दिसतो, महिन्याच्या आलेखात तर अनेक नमुन्यांची सरासरी असते. '432पैकी इतके उरले' हा आकडा एका वजाबाकीचा आहे. सगळे नमुने सर्व्हर देणाऱ्या कंपनीकडेच असतात. हा उरलेला आकडा ग्राहकाला न दाखवणं मला अन्यायाचं वाटतं.

संध्याकाळी 7. 432वा नमुना नोंदला गेला. सूट संपली.

7 वाजून 5 मिनिटं. 433वा. चित्र थांबत नाही, आवाज अडखळत नाही, कुणाला मेल जात नाही. बिल 10,000 वरून 80,000 रुपयांवर गेलं.

रात्री 9च्या सुमारास. विसर्जन. साडेनऊला प्रक्षेपण बंद. सात-पाचनंतरच्या या वेळाचा एक रुपयाही वाढलेला नाही. जे व्हायचं ते त्या पाच मिनिटांतच झालं.

30 सप्टेंबर संपताना, मध्यरात्र. महिन्याभरात गेलेला डेटा सुमारे 29 टीबी. करारातले 100 एमबीपीएस अखंड वापरले असते, तर 32.4 टीबी गेला असता आणि बिल 10,000च आलं असतं.