प्रवासी, डास आणि सोसण्याची मर्यादा

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही श्रोत्यांनी विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाने डासांवर काय बोलायचं? प्रश्न रास्त आहे. पण आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी दुःखाबद्दल फार बोलतो, आणि उघड्यावर रात्र काढणाऱ्या प्रवाशाला दुःखाचा पहिला धडा बहुधा डासच देतो. तेव्हा आज आपण एवढंच पाहू, की वाटेत चावणाऱ्या कीटकांचं माणसाने आजवर काय केलं, आणि त्या करण्यामागचा अर्थ कधी व कसा बदलला.

सुरुवात आपल्याकडच्या सर्वांत जुन्या प्रवाशांपासून करू. हे प्रवासी म्हणजे श्रमण, गाव सोडून पायी फिरणारे साधू. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात मुनीने सोसायचे बावीस परीषह सांगितले आहेत. भूक, तहान, थंडी, उष्मा आणि लगेच पाचवा येतो तो दंशमशक, म्हणजे डांस-मच्छर. यादीतली जागा पाहा. निंदा, रोग, अपमान हे सगळे त्यानंतर. ही यादी करणाऱ्याने रानात रात्री काढलेल्या असणार, एवढं तरी आपण म्हणू शकतो. जैन मुनीला दिलेलं उत्तर स्पष्ट आहे: मारायचं नाही, हाकलायचंही नाही, मन ढळू द्यायचं नाही. तोही जीव आहे आणि त्याला भूक आहे.

बौद्ध संघाने त्याच प्रश्नाला वेगळं उत्तर दिलं. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात भिक्खूंना मकसकुटिका वापरायची परवानगी आहे. मकस म्हणजे मशक, कुटिका म्हणजे झोपडी, थोडक्यात, मच्छरदाणी. डास वारायचा पंखाही चालतो, आणि तो सालीचा, वाळ्याचा किंवा मोरपिसांचा असावा इतका तपशील दिला आहे. मारायचं नाही हा नियम इथेही कायम आहे, पण सोसलंच पाहिजे असा आग्रह नाही. मध्ये एक पडदा धरला, की डासही जगला आणि भिक्खूही झोपला. मध्यम मार्ग म्हणतात तो हाच, नाही का?

दोन्ही परंपरा एका गोष्टीवर मात्र एकत्र येतात. पावसाळ्यात फिरायचं नाही. चातुर्मासाचं कारण आपण चिखल आणि पूर असं समजतो. मूळ कारणांत, पायाखाली कोवळं गवत आणि बारीक जीव चिरडतात हे मोठं होतं. म्हणजे तेव्हा प्रश्न ‘कीटक मला काय करतो’ एवढाच नव्हता, ‘मी कीटकाला काय करतो’ हाही होता.

पडद्याची युक्ती एकट्या भारताची नव्हे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने इजिप्तबद्दल लिहिताना नाईलच्या दलदलीतल्या लोकांची रीत नोंदवली आहे. दिवसा ज्या जाळ्याने मासे धरायचे, तेच रात्री अंथरुणाभोवती लावून आत झोपायचं. दलदलीच्या वरच्या भागातले लोक उंच मनोऱ्यांवर झोपत, कारण वाऱ्यामुळे डास तिथवर पोचत नसत. उंची, वारा आणि जाळी. आजही तंबू ठोकताना याहून वेगळं काय सांगणार?

तिसरा उपाय धुराचा. आपल्याकडे गोठ्यात दिवेलागणीला कडुनिंबाचा पाला टाकून धूर करायची पद्धत होती, आजही काही ठिकाणी आहे. मुक्कामाच्या जागी शेणी पेटवून बसणं हा त्याचाच प्रवासातला अवतार. जपानमध्ये एइइचिरो उएयामा यांनी शेवंतीच्या जातीच्या पायरेथ्रम फुलांच्या भुकटीपासून 1890 च्या सुमारास उदबत्तीसारख्या काड्या केल्या. काडी लवकर संपे. मग तिला वेटोळं द्यायची कल्पना त्यांच्या पत्नीने सुचवली असं सांगतात. आपण ‘कॉइल’ म्हणतो ती तिथून आली. वेटोळ्यामुळे एक वडी रात्रभर पुरू लागली. पण खेडवळ धूर काय आणि कॉइल काय, हेतू एकच होता: झोप लागावी. चावा म्हणजे त्रास, या समजुतीपलीकडे बहुतेक लोक अजून गेलेले नव्हते.

आता आपण 1897 सालाकडे येऊ. महाराष्ट्राला हे साल प्लेगचं म्हणून ठाऊक आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोगांचा कायदा झाला. रेल्वेच्या प्रवाशांना उतरवून तपासू लागले, काखा-जांघा चाचपू लागले, कपडे आणि सामान धुऊन-जाळून टाकू लागले. पुण्यात घरांत सोजीर शिरले, आणि 22 जून 1897 च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. हा इतिहास आपण सगळे जाणतो. आपल्या विषयापुरती लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की सरकार प्रवाशाला तपासत होतं, आणि प्लेग ज्याच्याबरोबर जात होता ती पिसू धान्याच्या पोत्यांतून आणि गाठोड्यांतून बिनतिकीट पुढे जात होती.

रँडवरच्या हल्ल्यानंतर दोन महिन्यांच्या आत, 20 ऑगस्ट 1897 ला, सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरला डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचे जंतू दिसले. ज्या रुग्णाला चावून ते डास पोसले होते, त्याला डासामागे एक आणा दिला होता. पुढच्या वर्षी जूनमध्ये कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने पिसवेतून एका उंदराचा प्लेग दुसऱ्या उंदराला होतो हे दाखवलं. सिमोंचं तेव्हा कुणी फारसं ऐकलं नाही. 1905 नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत पुन्हा काम झालं, तेव्हा ते पक्कं ठरलं. त्या प्रयोगांत जमिनीलगत ठेवलेल्या पिंजऱ्यांतले प्राणी आजारी पडले, आणि पिसवेची उडी पोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेले वाचले. जमिनीवर अंथरूण टाकू नये, बाजेवर झोपावं, हा आजीबाईचा सल्ला प्रयोगशाळेतून परत आला म्हणा ना!

या शोधांनी नवं हत्यार लगेच दिलं नाही, हे ध्यानात घ्या. 1900 च्या उन्हाळ्यात सॅम्बन आणि लो हे दोन डॉक्टर इटलीत ओस्टियाजवळच्या दलदलीत जाऊन राहिले. तो हिवतापाचा कुप्रसिद्ध मुलूख. ते दिवसा मोकळे हिंडत आणि सूर्यास्तापूर्वी जाळी लावलेल्या लाकडी झोपडीत शिरत. जुलै ते ऑक्टोबर राहूनही दोघांना ताप आला नाही. त्यांनी वापरलं काय? जाळी आणि घड्याळ. विनयपिटकातली मकसकुटिकाच, फक्त तिचा अर्थ बदलला होता.

हा अर्थ नीट समजून घेऊ. हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात गेल्यावर दुसऱ्याला देण्याजोगा व्हायला साधारण दहा-बारा दिवस लागतात, हवामानानुसार कमीजास्त. म्हणजे रक्तात जंतू घेऊन फिरणारा प्रवासी एखाद्या वस्तीत मुक्काम करतो, त्याला डास चावतो, सकाळी तो निघून जातो. काही आठवड्यांनी त्या वस्तीतलं एखादं मूल तापाने फणफणतं. प्रवाशाला त्याचा पत्ताही नसतो. तो स्वतःला चावा सोसणारा समजत असतो, आणि त्याच्याही नकळत तो देणारा झालेला असतो.

आमच्या मते नीतीच्या दृष्टीने ही या इतिहासातली सगळ्यात मोठी घटना आहे. सोसणं हा सद्गुण केव्हा असतो? सोसण्याची किंमत फक्त सोसणाऱ्याने मोजली तर. माझी किंमत तिसराच कुणी मोजणार असेल, तर त्या सोसण्याला काय म्हणायचं? मुनीला हा प्रश्न पडला नव्हता, कारण त्याला हे माहीतच नव्हतं. आपल्याला माहीत आहे. म्हणून आपल्याला तो पडलाच पाहिजे.

हा प्रश्न अगदी हुकमाच्या भाषेत विचारला गेला तो दुसऱ्या महायुद्धात, ब्रह्मदेशच्या आघाडीवर. 1943 मध्ये जनरल स्लिम यांच्याकडे तिथल्या चौदाव्या सेनेचं नेतृत्व आलं, तेव्हा जखमी होऊन मागे जाणाऱ्या एका माणसामागे एकशेवीस माणसं आजारी पडून मागे जात होती, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. त्या आजारांत हिवताप आघाडीवर होता. याच आघाडीवर आपल्या मराठा पलटणीही लढल्या. 1944 ची सांगशाकची लढाई त्यातलीच. स्लिम यांनी काय केलं? दिवस मावळायच्या आत लांब विजार, बाह्या खाली, आणि रोज मेपाक्रिनची गोळी. गोळी खाल्ली की नाही हे अधूनमधून अचानक तपासायचं. पलटणीतल्या शंभरातल्या पंचाण्णवांहून कमी जणांत औषध सापडलं, तर अधिकाऱ्याला घरी पाठवायचं. तिघांना पाठवावं लागलं, बाकीचे समजले. डास चावू देणं हा शिपायाचा खाजगी मामला राहिला नाही. ती शिस्तीतली कसूर ठरली.

युद्धाच्या गरजेतूनच अंगाला लावायची नवी औषधं आली. अमेरिकी लष्करासाठी 1946 मध्ये डीट तयार झालं आणि 1957 मध्ये ते सामान्य माणसाच्या हाती आलं. ग्वाल्हेरच्या आपल्या संरक्षण प्रयोगशाळेने पुढे डेपा नावाचं देशी रसायन विकसित केलं. ही औषधं डासाला मारत नाहीत. त्याला माणूस सापडू देत नाहीत. म्हणजे हाही पडदाच, फक्त न दिसणारा.

त्याच 1957 मध्ये कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली आणि माणसांना एक नवा ताप येऊ लागला. तोच माकडताप. तो पसरवते गोचीड. काटेकोर बोलायचं तर गोचीड कीटक नव्हे, तिला आठ पाय असतात. पण चावा तो चावाच. 2016 मध्ये हा ताप सिंधुदुर्गात दोडामार्गला पोचला. काजूच्या बागेत, रानात कामाला जाणारी माणसं त्याला बळी पडली. तेव्हा सह्याद्री आता आपल्याला पूर्वीइतका अनोळखी नाही, आणि तितका निर्धोकही नाही.

आता श्रोत्यांतले गिर्यारोहक विचारतील, की सर, करायचं काय? इतिहास जे सांगतो तेच. हिवतापाचा डास संध्याकाळ ते पहाट चावतो, डेंग्यूचा दिवसा. म्हणून दोन्ही वेळा बाह्या खाली. फिक्या रंगाचे कपडे, म्हणजे गोचीड दिसते. विजारीची टोकं मोज्यांत. औषध उघड्या कातडीवर लावा, कपड्याखाली नको. उन्हाचं मलम लावणार असाल तर ते आधी. परतल्यावर अंग तपासा. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा. जाळू नका, बोटांनी चिरडू नका. आणि धूर जपून! डासांना पळवणारा धूर कड्यावरच्या आग्या मोहोळाला उठवतो. गडावर पोळ्याखाली चूल पेटवू नका.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती विकत मिळत नाही. प्रवासाहून आल्यावर काही आठवड्यांत, अगदी काही महिन्यांतही ताप आला, तर डॉक्टरांना आपण कुठे कुठे गेलो होतो ते आपणहून सांगा. आणि ताप असेतोवर मच्छरदाणीत झोपा. मच्छरदाणी निरोग्यासाठी असते असं आपण समजतो. आजाऱ्याला ती अधिक हवी, कारण ती शेजाऱ्याला वाचवते.

तेव्हा मुनीचं काय घ्यायचं आणि काय सोडायचं? खाज सुटली तर चिडू नये, उगाच जीव घेऊ नये, हे जरूर घ्यावं. पण ज्या आदिवासी पाड्यात, ज्या वाडीत आपण एक रात्र पाहुणे म्हणून राहतो, तिथल्या माणसांना सकाळी उठून दुसरीकडे जाता येत नाही. आपला चावा त्यांच्या अंगणात राहतो. अहिंसेचा विचार करताना आपण डासापर्यंत जाऊन थांबतो. डासाच्या पुढे आणखी एक माणूस असतो, तो आपल्याला दिसला पाहिजे.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.