दोन आघाड्यांचे राज्य आणि १९५७ चा खेड

निघोजेत कारखान्याची पाळी सुटली की चहाच्या टपरीवर राजकारण निघतेच. मागच्या निवडणुकीत एका कंत्राटी कामगाराने मला विचारले, "दादा, निवडून येणार या आघाडीचा नाहीतर त्या आघाडीचा. मग तिसऱ्याला देऊन मत वाया का घालवायचं?"

या प्रश्नाला घोषणेने उत्तर देता येत नाही. आपली बरीच माणसे मनातून आपल्याबरोबर असतात आणि मतदान यंत्रासमोर दुसरीकडे जातात, ती याच प्रश्नामुळे. त्यांना गद्दार म्हणणे सोपे आहे. पण हे दोनाचे गणित कधी बदलले होते का, आणि बदलले असेल तर कसे, हे इतिहासात शोधणे जास्त उपयोगाचे आहे. त्यासाठी फार लांब जायला नको. निघोजे ज्या तालुक्यात आहे, त्या खेडपासूनच सुरुवात करू.

१९५७ च्या लोकसभा निवडणुकीत खेड मतदारसंघातून बाळासाहेब साळुंके निवडून आले. ते काँग्रेसचे नव्हते, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे होते. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. त्याच निवडणुकीत नाशिकमधून दादासाहेब गायकवाड आणि कोपरगावातून बी. सी. कांबळे फेडरेशनतर्फे लोकसभेत गेले. पाच वर्षांपूर्वी, १९५२ मध्ये, खुद्द बाबासाहेबांचा उत्तर मुंबईत पराभव झाला होता. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीतही तेच झाले. मग पाच वर्षांत असे काय बदलले?

बदलली ती लढतीची मांडणी. फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. प्रजा समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष यांच्याबरोबर फेडरेशनही तिच्यात होती. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेस विरुद्ध समिती असा सरळ सामना झाला आणि काँग्रेसची दाणादाण उडाली. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. फेडरेशन त्या वेळी 'तिसरी' म्हणून जिंकली नाही. दोन बाजूंपैकी एक बाजू उभी करणाऱ्यांत ती होती, आणि आपला पक्ष न मोडता होती.

आपल्याकडे ज्याला सर्वांत जास्त मते तो निवडून येतो, मग ती मते एकूण मतदानाच्या निम्मी असोत वा नसोत. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या मतांना सभागृहात काहीच किंमत मिळत नाही. म्हणून मतदार आपोआप दोघांभोवती गोळा होतो. टपरीवरचा तो कामगार भित्रा नव्हता. नियम जसा आहे तसा त्याला कळला होता.

इंग्लंडचा अनुभवही हेच सांगतो. तिथे हुजूर आणि उदारमतवादी हे दोनच पक्ष आलटून पालटून राज्य करत. १९०० मध्ये कामगार संघटनांनी आपले उमेदवार उभे करण्यासाठी समिती स्थापन केली. त्यातून उभ्या राहिलेल्या मजूर पक्षाने १९२२ मध्ये उदारमतवाद्यांना मागे टाकले आणि १९२४ मध्ये सरकार बनवले. पद्धत पुन्हा दोन पक्षांचीच झाली, पण त्यातली एक खुर्ची कामगारांची झाली. १९२० ते १९२३ या काळात बाबासाहेब लंडनमध्ये शिकत होते, हे विसरू नका. १९३६ मध्ये त्यांनी पक्ष काढला तो स्वतंत्र मजूर पक्ष. त्या पक्षाने जानेवारी १९३८ मध्ये खोतीविरुद्ध कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत आणला. संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ ला कामगारांचा संप केला. आधी प्रश्न, मग संघटना, मग मत असा तो क्रम होता.

मग खेडचा विजय टिकला का नाही? १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले आणि समितीला बांधून ठेवणारा प्रश्नच संपला. इकडे ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष काही वर्षांतच फुटला. १९६२ मध्ये खेडने काँग्रेसचे र. के. खाडिलकर निवडून दिले. विधानसभेत काँग्रेसला २६४ पैकी २१५ जागा मिळाल्या. दुसरी बाजू विरली की पहिली बाजू सगळे व्यापते, ते असे.

१९९८ मध्ये काँग्रेसबरोबरच्या युतीत प्रकाश आंबेडकर, रामदास आठवले, रा. सू. गवई आणि जोगेंद्र कवाडे हे चौघे खुल्या मतदारसंघांतून लोकसभेत गेले. तो मोठा विजय होता, पण ती एकजूट टिकली नाही. २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीने स्वबळावर जवळपास ७ टक्के मते घेतली, पण वंचितच्या स्वतःच्या उमेदवाराला एकही जागा मिळाली नाही. पुढे शिवसेना फुटली, राष्ट्रवादी फुटली, कालचे वैरी एका मंचावर आले. नावे उलटीपालटी झाली, बाजू मात्र दोनच राहिल्या.

तेव्हा 'दोनाची पद्धत बदलेल का' हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. नियम बदलत नाही तोवर बाजू दोनच राहण्याची शक्यता जास्त. त्यातली एक बाजू कोणाची, हे मात्र बदलते आणि बदललेले आहे. २२ डिसेंबर १९५२ ला पुण्यात वकिलांसमोर बोलताना बाबासाहेबांनी लोकशाहीसाठी विरोधी पक्ष अत्यावश्यक मानला होता, कारण सत्तेला सभागृहात रोज जाब विचारणारा कुणीतरी लागतो. आज दोन्ही आघाड्यांतला कोण कंत्राटी कामगाराच्या वतीने हा जाब विचारतो?

त्या कामगाराला मी एवढेच म्हणालो, "तुझं मत कुठं आहे?" म्हणाला, "गावाकडं, परभणीला." म्हणजे ज्या निघोजेत तो वर्षानुवर्षे राबतो, भाडे भरतो, तिथल्या ग्रामपंचायतीपासून आमदारापर्यंत कुणालाच त्याची गरज नाही. आघाडी कोणती, हा पुढचा प्रश्न. खोल्याखोल्यांतून हिंडून अशा कामगारांची नावे इथल्या यादीत लावणे, त्यांची संघटना बांधणे आणि ती निवडणुकीनंतरही टिकवणे, हे काम आधीचे. १९५७ ला खेडमध्ये झाले ते उमेदवारी अर्ज भरण्याच्या दिवशी सुरू झाले नव्हते.

जयभीम!