सातव्या क्रमांकाचा हक्क

1979च्या सुमारास अमेरिकेतल्या शुगार्ट असोसिएट्समध्ये लॅरी बाउचर यांच्या पुढाकाराने ‘सासी’ ही डिस्क-जोडणी तयार झाली. तीत हुकूम देणारा संगणक एकच, त्यामुळे भांडण नव्हते. तिच्यातून घडलेल्या ‘स्कझी’ला 1986 मध्ये राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला आणि एका केबलवर आठ उपकरणे नांदू लागली.

मग पाळी कोणाची?

उत्तर देखणे होते. ही सामाईक केबल, म्हणजे ‘बस’, मोकळी दिसली की इच्छुक उपकरण आठ डेटा-तारांपैकी आपल्या क्रमांकाच्या तारेवर संकेत देई. सगळ्यांत मोठा क्रमांक जिंके, बाकीचे माघार घेत. मध्ये कोणी पंच लागत नसे, हे खरे कौशल्य! सातवा क्रमांक बहुधा संगणकाच्या कार्डाकडे असे. शून्य क्रमांकाची डिस्क मात्र गर्दीत ताटकळे, आणि हा अन्याय रचनेतच होता.

पुढच्या मानकांत उपाय आला: जिंकणाऱ्याने हरलेल्या खालच्या क्रमांकांची नोंद ठेवायची आणि त्यांची पाळी होईपर्यंत पुन्हा दावा करायचा नाही. हा उपाय ऐच्छिक ठेवायला नको होता. स्कझीच्या नंतरच्या ‘सास’ या अवतारात प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र तार मिळाली, तरी मधले मार्ग सामाईकच राहिले. तिथे दोन विनंत्या भिडल्या, तर जास्त वेळ थांबलेल्या विनंतीला आधी वाट मिळते.