अभ्यासक्रम कोण मंजूर करते, मार्गदर्शक कोण ठरवते? विद्यापीठाच्या कारभाराची ओळख

पदव्युत्तर अभ्यासक्रम कोण मंजूर करते, तो शिकवणाऱ्या अध्यापकाला मान्यता कोण देते आणि पीएच.डी.च्या जागा कशावरून ठरतात, या तीन प्रश्नांची उत्तरे कायद्यात आणि नियमांत लिहिलेली आहेत. आपल्या चळवळीतील तरुणांच्या हाती ती एका जागी असावीत म्हणून हा लेख. उदाहरण घेतले आहे ते आपल्या घरच्या विद्यापीठाचे, म्हणजे छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात.

शहरातील अनेक मोर्चे क्रांती चौकातून निघतात आणि विभागीय आयुक्त कार्यालयावर जातात. निवेदन दिले जाते, पोहोच मिळते. पण अभ्यासक्रमाचा किंवा पीएच.डी.च्या जागांचा निर्णय आयुक्तांच्या हातात नसतो. मग निवेदन 'पुढील कार्यवाहीस्तव' दुसरीकडे रवाना होते आणि शैक्षणिक वर्ष निघून जाते. मागणी न्याय्य असूनही ती चुकीच्या टेबलावर गेली, एवढ्या कारणाने नुकसान होते. म्हणून टेबले ओळखून घेऊ.

ठराव आणि अंमल

मराठवाडा विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ रोजी झाली. त्याआधी, १९५० मध्येच, बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत या शहरात महाविद्यालय सुरू केले होते. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, पोचीराम कांबळे यांच्यासारखे भीमसैनिक शहीद झाले. १९७९ चा लाँग मार्च झाला. प्रत्यक्ष नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी.

ठराव आणि अंमल यांत सोळा वर्षे गेली. हा इतिहास आपल्याला पाठ आहे, पण त्यातील कारभाराचा धडा आपण कमी वापरतो. कोणत्याही संस्थेत ठराव ही पहिली पायरी असते. ठरावाला पुढची मंजुरी, मंजुरीला आदेश आणि आदेशाला तरतूद मिळेपर्यंत कागद हलवत राहावे लागते. विद्यापीठातही हेच चालते.

कायदा आणि अधिकार मंडळे

राज्यातील अकृषी विद्यापीठे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार चालतात. हा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. कुलपती हे राज्यपाल असतात. कुलगुरू हे प्रमुख शैक्षणिक आणि कार्यकारी अधिकारी असतात. निर्णय मात्र अधिकार मंडळांमधून व्हावेत, अशी कायद्याची रचना आहे. त्यांतील महत्त्वाची मंडळे अशी:

अभ्यास मंडळ: प्रत्येक विषयाचे किंवा विषयगटाचे असते. अभ्यासक्रम प्रत्यक्ष लिहिला जातो तो इथे. विद्यापीठातील विभागप्रमुख, कुलगुरूंनी नामनिर्देशित केलेले अध्यापक आणि संलग्न महाविद्यालयांतून निवडून आलेले विभागप्रमुख त्यात असतात.

विद्याशाखा: कायद्याने चारच विद्याशाखा ठेवल्या आहेत. विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. अभ्यास मंडळाच्या शिफारशी इथे तपासल्या जातात. विद्याशाखेचा प्रमुख म्हणजे अधिष्ठाता.

विद्या परिषद: शैक्षणिक बाबतीतील सर्वोच्च मंडळ. अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदव्यांचा दर्जा यांवर अंतिम शैक्षणिक शब्द याच मंडळाचा.

व्यवस्थापन परिषद: पैसा, पदे, इमारती आणि प्रशासन यांचा निर्णय घेते. अभ्यासक्रमाला नवे पद किंवा निधी लागणार असेल, तर विषय इथे यावाच लागतो.

अधिसभा: जिला आपण सिनेट म्हणतो. अर्थसंकल्प तिच्यापुढे येतो, सदस्य प्रश्न विचारू शकतात, ठराव मांडू शकतात. नोंदणीकृत पदवीधरांमधून १० सदस्य निवडून जातात. त्यात अनुसूचित जातीसाठी एक जागा राखीव आहे.

नवा अभ्यासक्रम कसा मंजूर होतो

समजा, विद्यापीठाच्या पाली व बौद्ध अध्ययनाच्या विभागाला नवा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम सुरू करायचा आहे. विभाग आराखडा तयार करतो. अभ्यास मंडळ त्यातील विषय, श्रेयांक आणि पाठ्यग्रंथ ठरवते. तिथून तो विद्याशाखेकडे आणि पुढे विद्या परिषदेकडे जातो. खर्चाचा प्रश्न असेल तर व्यवस्थापन परिषदेची मंजुरी लागते. शिक्षणशास्त्र, विधी, अभियांत्रिकी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांना त्या त्या केंद्रीय नियामक परिषदेची मान्यताही लागते.

तोच अभ्यासक्रम संलग्न महाविद्यालयात सुरू करायचा असेल, तर रस्ता लांब होतो. कायद्याच्या कलम १०७ नुसार विद्यापीठाला पाच वर्षांचा बृहत् आराखडा करावा लागतो. कोणत्या तालुक्यात कोणत्या अभ्यासक्रमाची गरज आहे, हे त्यात नोंदवले जाते. ज्या ठिकाणाचे नाव आराखड्यात नाही, तिथला प्रस्ताव पुढे सरकत नाही. आराखड्यात असेल तर संस्था मुदतीत अर्ज करते, विद्यापीठ छाननी करून शिफारस करते आणि कलम १०९ नुसार अंतिम परवानगी राज्य शासन देते.

म्हणजे आष्टी किंवा भूम तालुक्यातील मुलीला घराजवळ एम.एस्सी. करता येईल की नाही, याचा निर्णय ती बारावीत असतानाच एखाद्या आराखड्याच्या ओळीत झालेला असतो. आराखडा तयार होत असताना सूचना देणे हे नंतरच्या दहा निवेदनांपेक्षा उपयोगाचे आहे.

एक तरतूद आपल्या गुणवंत विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. अभ्यासक्रम तयार करताना किंवा बदलताना अभ्यास मंडळाने मागील वर्षी पहिल्या दहांत आलेल्यांपैकी एक पदवीधर आणि एक पदव्युत्तर विद्यार्थी बैठकीला बोलवावा, असे कायदा सांगतो. त्यांना मत नसते, पण म्हणणे मांडता येते. आपल्या विषयात कोणाला बोलावले गेले, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

कुलगुरूंचा तातडीचा अधिकार

बैठक होईपर्यंत थांबणे शक्य नसेल, तर कलम १२(७) नुसार कुलगुरू स्वतः निर्णय घेऊ शकतात. त्यानंतर लवकरात लवकर तो निर्णय, कारणांसह, संबंधित मंडळाला लेखी कळवावा लागतो. हा अधिकार गरजेचा आहे. पण नियमित विषयही याच वाटेने जाऊ लागले, तर निवडून गेलेल्या सदस्यांच्या हाती केवळ झालेल्या गोष्टीची नोंद घेणे उरते. म्हणून आपल्या सदस्यांनी बैठकीत विचारावे की अमुक निर्णय कोणत्या कलमाखाली झाला आणि त्याची निकड काय होती.

पीएच.डी. मार्गदर्शक आणि जागांचे गणित

पीएच.डी.साठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिसूचित झालेले विनियम लागू आहेत. त्यानुसार मार्गदर्शक होण्यासाठी अध्यापक कायमस्वरूपी नेमणुकीवर असावा लागतो. पीएच.डी. पदवी हवी. प्राध्यापक आणि सहयोगी प्राध्यापकाचे किमान ५, तर सहायक प्राध्यापकाचे किमान ३ शोधनिबंध तज्ज्ञांनी तपासलेल्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेले हवेत. प्राध्यापक एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापक ६ आणि सहायक प्राध्यापक ४ संशोधकांना मार्गदर्शन करू शकतो. सेवानिवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला असेल, तर नवा विद्यार्थी घेता येत नाही.

आता हिशेब करून पाहा. एखाद्या विभागात एक प्राध्यापक, एक सहयोगी आणि दोन सहायक प्राध्यापक आहेत. क्षमता झाली ८ + ६ + ४ + ४ = २२. प्राध्यापक निवृत्त झाले, एका सहायक प्राध्यापकाने नोकरी सोडली आणि दोन्ही पदे भरली गेली नाहीत, तर क्षमता उरते १०. त्यांच्या जागी तासिका तत्त्वावर दोन शिक्षक आले, तर वर्ग चालतील, पण पीएच.डी.ची एकही जागा वाढणार नाही. त्या शिक्षकाकडे पीएच.डी. असली, शोधनिबंध असले, तरी तो मार्गदर्शक होऊ शकत नाही.

आरक्षण लागू होते ते उपलब्ध जागांवर. जागाच आटल्या की राखीव जागाही आटतात. आपल्या समाजातील अनेक तरुण आज नेट-सेट करून तासिका तत्त्वावर शिकवत आहेत. पदभरती थांबली की त्यांची नोकरी जाते आणि त्याच वेळी त्यांच्या मागून येणाऱ्या भावा-बहिणींच्या संशोधनाची वाटही बंद होते. पदभरतीची मागणी आणि पीएच.डी.च्या जागांची मागणी या दोन वेगळ्या मागण्या नाहीत, हे आम्हाला ठासून सांगायचे आहे. बार्टीची अधिछात्रवृत्ती मिळण्यासाठीही आधी पीएच.डी.ची नोंदणी झालेली असावी लागते.

प्रवेशानंतरची व्यवस्थाही माहीत हवी. विषय मंजूर होतो तो संशोधन अधिमान्यता समितीपुढील सादरीकरणानंतर. पुढे प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. पीएच.डी.चा कालावधी किमान ३ आणि कमाल ६ वर्षे असतो. पुनर्नोंदणीने आणखी २ वर्षे मिळू शकतात. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या संशोधकांना त्यापुढे २ वर्षांची जादा सवलत आहे. महिला संशोधकांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा घेता येते. ही रजा कोणाच्या मेहरबानीची नाही.

कोणती मागणी कोणाकडे

अभ्यासक्रमात विषय, विचारवंत किंवा ग्रंथ समाविष्ट करणे: अभ्यास मंडळाचे अध्यक्ष आणि अधिष्ठाता.

तालुक्यात नवे महाविद्यालय किंवा नवा अभ्यासक्रम: बृहत् आराखडा तयार होताना विद्यापीठाचे अधिष्ठाता मंडळ, नंतर राज्याचा उच्च व तंत्रशिक्षण विभाग.

अनुदानित महाविद्यालयांतील रिक्त पदे: विभागीय उच्च शिक्षण सहसंचालक आणि मंत्रालय.

बिंदुनामावलीची तपासणी: विद्यापीठाचा आरक्षण कक्ष आणि विभागीय आयुक्त कार्यालयातील मागासवर्ग कक्ष. क्रांती चौकातून निघालेला मोर्चा आयुक्तालयावर नेणे इथे अगदी योग्य आहे.

शिष्यवृत्ती व वसतिगृह: समाजकल्याण विभागाचे प्रादेशिक उपायुक्त.

आपण काय करू शकतो

पहिले, माहिती मागा. माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर बैठकीची कार्यसूची, इतिवृत्त आणि ठरावांवरील कार्यवाहीचा अहवाल मागता येतो. ३० दिवसांत उत्तर बंधनकारक आहे. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत ठेवावा लागतो. 'सर्व माहिती द्यावी' असे लिहिण्याऐवजी बैठकीची तारीख आणि ठराव क्रमांक लिहा.

दुसरे, मार्गदर्शकनिहाय यादी तपासा. कोणत्या मार्गदर्शकाकडे कोण संशोधक आहेत, ही माहिती विद्यापीठाने संकेतस्थळावर ठेवणे अपेक्षित आहे. यादी नसेल किंवा जुनी असेल, तर आधी तीच मागणी करा. रिकाम्या जागा किती, हे त्याशिवाय कळत नाही.

तिसरे, पदवीधर म्हणून नोंदणी करा. अधिकार मंडळांची मुदत ५ वर्षे असते आणि अधिसभेची मागील निवडणूक २०२२ मध्ये झाली. १४ जानेवारीला विद्यापीठ गेटवर लाखो लोक अभिवादनाला येतात. त्यातील पदवीधरांनी मतदार नोंदणीचा अर्ज भरला, तर त्या दहा जागांवर कोण बसेल हे ठरवण्यात आपला मोठा वाटा राहील.

गावागावांतील विहारांमध्ये रविवारी वंदनेनंतर अर्धा तास या विषयासाठी द्यावा, अशी आमची विनंती आहे. एका तरुणाने कायद्याचे एक प्रकरण वाचून सांगावे, दुसऱ्याने आपल्या महाविद्यालयातील रिक्त पदांची यादी आणावी. पुढचे निवेदन लिहिताना वरच्या कोपऱ्यात योग्य अधिकार मंडळाचे नाव आणि कलम लिहिलेले असेल, एवढे पहिल्या महिन्यात साधले तरी पुरे.

जय भीम.